मंगळावर अर्धा कोयता

शाळेतल्या वादविवादाचा विषय वरून आला होता : माणसाला दुसऱ्या ग्रहावर पाठवावे का? मी वैतागलो. पाथर्डी तालुक्यातल्या आमच्या गावातून नगरला जायचं तर एसटीची वाट बघून जीव मेटाकुटीला येतो, आणि हे निघाले मंगळावर! यंत्रं पाठवा, फोटो मागवा, माणसाच्या जिवाशी खेळ कशाला, असं माझं पक्कं मत होतं.

दसरा उलटला होता. दिवाळी झाली की निम्मं गाव ऊसतोडीला कोपरगावकडे जाणार, त्यामुळे पोरांचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. तरी आठवीचा वर्ग विषयावर तुटून पडला. कुणी म्हणालं पाठवावं, कुणी म्हणालं आधी गावात नळाला पाणी आणा. मग पहिल्या बाकावरची एक मुलगी उठली. बोलायला फटकळ, गणितात हुशार, वडील वारलेले.

“पाठवावं,” ती म्हणाली, “पन अर्धा कोयता पाठवू न्हाई.”

ऊसतोडीत नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता. एकानं तोडायचं, दुसऱ्यानं मोळ्या बांधायच्या. एकटं माणूस म्हणजे अर्धा कोयता, आणि त्याला मुकादम सहसा टोळीत घेत नाही.

“एकल्याचं काम न्हाई ते, सर. पाय मुरगाळला तर पानी कोन देनार? तिथं तर शेजारच्या खोपटातून हाक बी यायची न्हाई.”

मी मनापासून हसलो, शाबासकी दिली. तेवढ्यात दाराकडे लक्ष गेलं. तिथं तिची आई उभी होती. यंदा लेकीला बरोबर नेणार, हे सांगायला ती आली होती. आई अर्धा कोयता. उरलेला अर्धा आता या पोरीनं व्हायचं.

मी काही बोलायच्या आत आईनंच विचारलं, “तिथं जाऊन करायचं काय, सर? ऊस हाय का?”

“नाही. माती बघायची. पाणी कुठं होतं ते शोधायचं.”

“निस्तं बघायला पाठवत्यात?”

जन्मभर परक्या मुलखात जात आलेली ही बाई. पण नुसतं बघायला म्हणून तिला कुणी कधी पाठवलं नव्हतं. ती लेकीकडे वळली. “तू जाशील व्हय गं?”

“जाईन की.”

आई पदरानं तोंड पुसत म्हणाली, “मंग ऱ्हा हितं आत्याकडं. माझी बहीन येते म्हनत हुती जोडीला. तिचं गुडघं दुखत्यात, म्हनून मीच नको म्हनले. आता तिलाच नेते.”

मला इतका आनंद झाला की त्या गुडघ्यांचा विचार घरी गेल्यावर आला. तो अजून जात नाही.

दिवाळीनंतर टोळी निघाली. ट्रॉलीत भांडी, कोंबड्या, शेळ्या आणि त्यांच्यात दाटीवाटीनं माणसं. मावशी गुडघा धरून कशीबशी वर चढली. “शाळा बुडवू नको!” आई वरून ओरडली, आणि ट्रॅक्टर वळणाआड गेला.

पोरगी धुरळ्यात उभीच राहिली. समजूत घालायची म्हणून मी म्हणालो, “तू म्हणालीस तसंच झालं बघ. आई जोडीनं गेली. अर्धा कोयता कुणी राहिला नाही.”

तिनं नाक ओढलं.

“हाय की, सर,” ती म्हणाली. “मी हाय न्हवं हितं.”