नव्याचं पान

साकोलीच्या बसस्टँडवर बाबांनी माझी बॅग स्वतः डिक्कीत टाकली, खिडकीखाली येऊन उभे राहिले आणि एवढंच बोलले, "नव्याले येजो. तुह्याबिगर हांडी चढत नाही." बस नागपूरची, तिथून पुढे रेल्वेनं हैदराबाद. माय घरीच थांबली होती. तिला चारचौघांत रडायचं नव्हतं. मी मान हलवली. वाटलं, काहीतरी बोलायचं म्हणून बोलले.

नवा म्हणजे काय, हे गावात राहिलेल्या तुम्हा लोकांना सांगायला नको. पण माझ्यासारखे निघून गेले त्यांची पोरं विचारतील, म्हणून सांगतो. धान मळून घरात आलं की लगेच खायचं नाही. एक दिवस ठरतो. नव्या तांदळाचा दूधगूळ घातलेला भात शिजतो. पहिलं पान देवाचं, मग पळसाच्या पत्रावळीवर घरच्या एकेकाचं. आमची रीत त्याहून कडक. घरचं एक जरी माणूस बाहेर असलं तरी नवा होत नाही, आणि तोवर नव्या तांदळाचा दाणा तोंडात जात नाही. लहानपणी आजा भंडाऱ्याला दवाखान्यात होता, तेव्हा पंधरा दिवस आम्ही जुन्या तांदळाच्या कण्या खाल्ल्या. मला त्या रीतीचा भयंकर राग यायचा.

हैदराबादला औषधाच्या कंपनीत लागलो. तीन वर्षं नव्याला न चुकता गेलो. चौथ्या वर्षी सस्मिताशी लग्न केलं. ती माझ्याच प्लांटमध्ये, ओडिशातल्या संबलपूरकडची. बाबांना फोनवर सांगितलं तेव्हा ते "तुहं तू पाहून घे" म्हणाले आणि फोन ठेवला. झालं. मीही त्यांचाच पोरगा, म्हटलं, पाहतोच. दिवाळी गेली, तिच्यामागची मंडईची जत्रा गेली, मी काही गेलो नाही. मायचा फोन यायचा. ती पाऊसपाण्याचं बोलायची, बाकी काही नाही.

संक्रांतीच्या सुमारास बहिणीचा फोन आला. ती लाखनीला दिलेली, नुकतीच माहेरी जाऊन आली होती. म्हणाली, बाबा साकोलीच्या दुकानातून तांदूळ आणून राहिले. मी विचारलं, काहून, धान पिकलं नाही का?

"पिकलं ना. धानाची ढोली गळ्यापर्यंत भरली हाये. पण तू नाही आला ना दादा. नवा झालाच नाही."

मी कॅन्टीनमध्ये सांबारभाताची थाळी घेऊन उभा होतो. इतकी शरम मला कधी वाटली नव्हती. जन्मभर धान पिकवलेला माणूस पिशवी घेऊन दुकानात उभा राहतो, का, तर माझं पान रिकामं आहे. आणि मी इकडे धरून बसलो होतो की घराचं दार मला बंद झालं.

शनिवारी दोघं निघालो. वाटेत सस्मिताला सगळं सांगितलं. तिला त्याचं काही नवल वाटलं नाही. आमच्याकडेही आहे की, नुआखाई, म्हणाली. गणपतीच्या दुसऱ्या दिवशी. फक्त तिच्या घरी पानावरून उचलत नाहीत. घरातला मोठा माणूस हातावर देतो आणि लहानांनी वाकून नमस्कार करायचा. तिचे वडील गेल्यापासून तिनं नुआखाई केली नव्हती.

बाबा ओसरीवर दोर वळत बसले होते. आमच्याकडे न बघता त्यांनी मायला आत हाक दिली, हांडी चढव. पत्रावळी त्यांनीच मांडल्या. देवाची, मायची, त्यांची, माझी. माझ्याशेजारी पाचवी मांडली तेव्हा मला रडू आलं आणि मी हात धुवायचं निमित्त करून उठलो.

भात वाढून झाला. आम्ही पानावरून उचलला, पण सस्मितानं ओंजळ पुढे केली आणि थांबली. माय गडबडून तिला खुणेनं पान दाखवू लागली. मी बाबांना तिच्या घरची रीत सांगितली. त्यांनी हांडी जवळ ओढली. मग हांडीतला भात घेऊन त्यांनी तिच्या ओंजळीत ठेवला. ती वाकली.

"खा बेटी," ते म्हणाले. "थंडा होऊन राहिला."

त्याला आता सात वर्षं झाली. आमची मुलगी माझ्याशी मराठी, आईशी उडिया आणि लिफ्टमध्ये तेलुगू बोलते. नुआखाईच्या वेळी आमच्याकडचं धान हिरवंच असतं, त्यामुळे सस्मिता दरवर्षी दुकानातला तांदूळ देवापुढे ठेवते आणि मनातून खट्टू होते. मागच्या वर्षी मुलीनं हे फोनवर आजोबांना सांगून टाकलं. ते फक्त "हव का" म्हणाले.

तुझं घर कुठलं, असं कोणी विचारलं तर आधी मी साकोली म्हणायचो, नंतर हैदराबाद म्हणू लागलो. आता वाटतं, आपल्याबिगर जिथं हांडी चढत नाही ते घर. बाकी सगळे पत्ते.

मागच्या आठवड्यात मायचा फोन आला. बाबांनी यंदा मे महिन्यातच बोअरच्या पाण्यावर हलक्या, लवकर पिकणाऱ्या धानाचे पऱ्हे टाकले होते, रोपांसाठी, घरामागच्या शेतातल्या एकाच बांधीत. गावातले लोक हसले. मायनंही विचारलं, एवढी घाई कायले?

"सुनेचा नवा आधी येते," बाबा म्हणाले. "तिले सांग, हातावर देईन."

आम्ही दोघांनी गणपतीची रजा टाकली आहे.