लॅमिनेट केलेलं गाव

झेरॉक्स-लॅमिनेशनच्या त्या दुकानदाराला सगळी गल्ली 'प्लास्टिक' म्हणायची, आणि ते नाव त्याने स्वतःच्या कर्तबगारीवर कमावलं होतं. कागद दिसला की त्याचे हात शिवशिवत. दाखले, औषधाची चिठ्ठी, कुणी काउंटरवर विसरलेली भाजीची यादी, काहीही त्याच्या तावडीतून सुटत नसे. लग्नाचा दाखलाही त्याने लॅमिनेट केला होता. दाखला अजून कोरा करकरीत आहे. लग्न मात्र कधीच विरलं. बायकोने दुसरा संसार मांडला, त्यालाही आता काही वर्षं झाली.

मुलगी आईकडे राहायची आणि रविवारी याच्या खोलीवर यायची. पोर कमी बोलणारी, बापावर गेलेली. दोघांचं सूत जुळलं ते तिच्या व्हिडिओ गेममुळे. त्या गेमची कार्डं पाकिटातून मिळत. प्रत्येकावर एक प्राणी. कार्ड गेमच्या यंत्रावर टेकवलं की तो प्राणी खेळातल्या गावात यायचा, आपलं घर उघडायचा, बागेतलं काहीबाही द्यायचा. बाप दर रविवारी एक पाकीट आणून ठेवायचा. ते फोडताना पोरगी त्याच्या खांद्याला रेलून बसायची. त्या रेलण्यासाठी प्लास्टिक आठवडा ढकलायचा, त्यात लपवायचं काय!

एकदा चहा सांडला आणि कोल्ह्याच्या कार्डाचा कोपरा फुगला. पोरीचं तोंड एवढंसं झालं. त्या दिवशी जाताना तिने कार्डांचा डबा पहिल्यांदाच त्याच्याकडे ठेवला.

"बाबा, सांभाळ हं. घरी बाळ सगळं तोंडात घालतं."

सांभाळ म्हणजे नुसतं ठेव. पण सांगितलं तेवढंच करणं याच्या रक्तात नव्हतं. सोमवारी दुकान उघडल्या उघडल्या त्याने मशीन तापवलं आणि एकामागून एक सगळी कार्डं गरम रुळांतून काढली. आधी एखादं करून बघावं, एवढी अक्कल हौसेपुढे कुठली टिकायला! "आता चहाच काय, पूर आला तरी बेहत्तर," असं तो गिऱ्हाइकांना सांगत सुटला.

रविवारी पोरीने कोल्हा यंत्रावर टेकवला. काही झालं नाही. मग ससा, मग घुबड. गाव रिकामंच. कार्डाच्या पोटात चिप असते, ती रुळांच्या उष्णतेने आणि दाबाने मेली होती. याला ते ठाऊक नव्हतं, तिला होतं. विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं.

त्याने ब्लेडने प्लास्टिक सोलायला घेतलं, तर कोल्ह्याचं तोंडच निघून आलं.

"राहू दे, बाबा."

"मी नवीन आणतो ना. सगळी आणतो."

"नको."

आदळआपट केली असती, रडली असती, तर याने समजूत तरी काढली असती. ती शहाण्या पाहुणीसारखी पलंगाच्या दुसऱ्या टोकाला बसून राहिली.

संध्याकाळी आई न्यायला आली. लेकीचा चेहरा बघून तिने दारातच विचारलं, "काय झालं गं?"

"काही नाही. बाबाने माझी कार्डं चांगली करून ठेवली."

आईने टेबलावरच्या चकचकीत गठ्ठ्याकडे एकदा पाहिलं. मग लेकीला जवळ घेतलं.

"चल," ती म्हणाली. "मला माहितीये."

पोरगी तिला बिलगली. आजवर त्या दोघींत हीच एक त्याच्या बाजूची होती.