पोटात घातलेलं

सोनारीच्या भैरवनाथाला गेलेली माणसं येताना अंगारा आणतात. आमच्या सासूबाईंनी येताना एक बाबा आणला. देवळाबाहेर झाडाखाली बसलेला दिसला, दोन शब्द बोलला, की यांनी त्याला बैलगाडीत घालून थेट ईटला घरी आणला. अंगाला तेल चोपडलेलं, गळ्यात कवड्यांची माळ, उजव्या मनगटाला मळकं फडकं बांधलेलं आणि पोट असं सुटलेलं की, दुसऱ्यांची पोटं साफ करत गावोगाव हिंडणाऱ्यानं आधी स्वतःचं बघावं. त्याच्याइतका लबाड माणूस मी तोवर पाहिला नव्हता. पुढे बरेच पाहिले, पण हा पहिला.

पोटात घातलेलं उतरवणं हा त्याचा धंदा. म्हणजे असं की, कुणीतरी दावा साधून जेवणातून केस, राख, असलं काहीबाही चारतं, ते पोटात घर करतं आणि माणूस झुरत जातं. मग बाबानं झाडपाल्याचा काढा पाजायचा, ओकून ओकून ती वस्तू बाहेर पडायची आणि त्याच घटकेला ओकणाऱ्यानं चारणाऱ्याचं नाव घ्यायचं. नाव घेतलं की पोट मोकळं, मनही मोकळं. ‘‘पोटातलं जहर आन् मनातलं जहर एकाच वाटंनं भाईर येतं,’’ असं तो डोळे मिटून सांगायचा. ‘‘पोट रितं झालं का मानूस खोटं बोलूच शकत न्हाय.’’ हे ऐकून आमचे सासरे हात जोडायचे. अडत्याशी दाण्यादाण्यासाठी भांडणारा माणूस, पण इथं त्यांची अक्कल गोठ्यात बांधलेली असायची.

दुखणं थोरल्या जाऊबाईंचं होतं. त्यांचं पाच महिन्यांचं पोर ज्वारीच्या काढणीत गेलं. सटवीनं नेलं म्हणून घरानं हात झटकले आणि तिसऱ्या दिवशी त्यांना शेतात धाडलं. लढाईचे दिवस होते, निजामाच्या माणसांना लेव्हीचं, सक्तीच्या वसुलीचं धान्य द्यायचं होतं, रडायला सवड कुणाला? तेव्हापासून त्यांचं अन्न तुटलं आणि बोलणंही. कुत्रीचं पिल्लू मेलं तर ती चार दिवस तोंडाला काही लावत नाही, हे आमच्या घरात सगळ्यांना कळायचं. बाईचं मात्र कुणाला कळेना. दुखणं रेड्याला आणि डाग पखालीला, तशी सगळ्यांची शोधाशोध सुरू झाली की हिला चारलं कुणी.

शोध फार लांब जायचा नव्हता. रांधणं-वाढणं माझ्याकडे होतं. शिवाय मला दोन वर्षांचा मुलगा होता, धडधाकट. जिचं पोर जगलं तिनंच दुसरीचं खाल्लं, हे बायकांना लगेच पटतं. सासूबाईंनी तर बाबा आला त्याच दिवशी माझी ट्रंक बाहेर काढून ओसरीवर ठेवली आणि परंड्याला माझ्या वडिलांना निरोप धाडला, की तीन दिवसांनी या आणि लेक घेऊन जा. मुलाबद्दल विचारलं तर म्हणाल्या, ‘‘पोरगं आमचं हाय. ते हितंच ऱ्हाईल.’’ जाऊबाईंनी माझं नाव घेतलं की मी मुलाला मुकणार होते, एवढं साधं होतं सगळं. तीन दिवस मी भाकरी थापायचे आणि माझी ती ट्रंक बघायचे.

तीन दिवस जाऊबाईंना अळणी. मीठ बंद, तिखट बंद, नवऱ्याचं तोंड बघणं बंद, कुणाशी बोलणं बंद. फक्त सासूबाईंनी, आम्हा सुनांच्या आत्याबाईंनी, जवळ बसायचं. शुद्धी जाऊबाईंची चालली होती आणि पुरणपोळ्या बाबा हाणत होता. तूप कमी पडलं तर देवाचं नाव घेऊन ओरडायचा. जेवण झालं की कमरेची चिठ्ठी काढायचा. उर्दूतली, खाली सरकारी शिक्का. हा आपला औषधाचा परवाना, म्हणायचा, खुद्द तहसीलीतून मिळालेला. आमच्यात कुणाला उर्दू येत होती? सासऱ्यांनी ती कपाळाला लावली. शेजारच्या तांबोळीचाचांना वाचायला बोलावलं तर त्यांनी बराच वेळ ती पाहिली, मान हलवली आणि परत दिली. महिन्यानं त्यांनी मला सांगितलं की ती कोंडवाड्यातून म्हैस सोडवल्याची पावती होती. मी म्हटलं, चाचा, तेव्हा का नाही बोललात? तर म्हणाले, ‘‘शिक्का तो असली था, बेटी. मैं क्या बोलता?’’ शिक्का दिसला की माणसानं गप्प बसायचं, हे त्या राज्यात सगळे शिकलेले होते. मी चाचांना नावं ठेवायची नाहीत. का, ते पुढे येईलच.

तिसऱ्या दिवशी झुंजूमुंजूला अंगणात सगळा थाट मांडला. ओकारी आणणारं गेळफळ कुटून कडुनिंबाच्या पाल्यात उकळलेलं, वर मिठाचं पाणी. ते नुसतं हुंगलं तरी पोटात ढवळायचं. उदाचा धूर इतका केला की गोठ्यातली वासरंही ठसकू लागली. बाबा घुंगरांची काठी आपटत नाकातून काहीतरी गुणगुणत होता, त्यात शब्द एकही नव्हता. गल्लीतल्या बायका लुगडी सावरून पुढे येऊन बसल्या. कुणाच्या घरची ओकारी बघायला मिळणं म्हणजे त्यांना जत्राच. जाऊबाईंना पाटावर बसवलं. त्यांच्यापुढे घंगाळ धरायचं काम माझं, कारण मी चारलं असेल तर माझ्या हातातच ते पडायला हवं, असा बाबाचा कायदा. घंगाळ भरलं की परसात नेऊन ओतायचंही मीच. माणसाच्या मनातला मळ शेवटी कुठे जातो ते मला विचारा. उकिरड्यावर जातो. मी दोनदा नेऊन टाकला.

पहिली वाटी पाजल्यावर आधी पाणी पडलं, दुसऱ्या वेळी पित्त. त्यांच्या पोटात होतंच काय पडायला? मग तिसऱ्यांदा त्या वाकल्या तेव्हा बाबानं घंगाळात हात घातला आणि केसांचं गुंतवळ वर काढून सगळ्यांना दाखवलं. बायका ‘‘माय गं!’’ म्हणून मागे सरल्या. घंगाळ माझ्या हातात होतं. त्यात हिरवट पाण्याखेरीज काही नव्हतं, आणि बाबाच्या मनगटाचं फडकं सैल झालेलं मी पाहिलं होतं. पण हे कुणाला सांगणार? आरोपीनंच?

‘‘घे नाव,’’ बाबा ओरडला. ‘‘कोनी चारलं तुला? घे नाव आन् मोकळी हो, माय.’’

सगळी तोंडं माझ्याकडे वळली. सासूबाई माझ्या मुलाला कडेवर घेऊन उभ्या होत्या. त्यांनी त्याला दुसऱ्या कडेवर घेतलं, माझ्यापासून लांबच्या.

जाऊबाईंनी पदरानं तोंड पुसलं. चार महिन्यांत आम्ही त्यांचा आवाज ऐकला नव्हता. तो घोगरा झाला होता, पण शब्द न् शब्द कळत होता.

‘‘माज्या पोटात कोनी काय घातलं न्हाय,’’ त्या म्हणाल्या. ‘‘माज्या लेकराच्या पोटात घातलं. आत्याबाईंनी. गुटीत अफू घातली. रडतंय म्हनून येकदा दिली, अन् निजंना म्हनून पुन्यांदा दिली. मंग ते उटलंच न्हाय.’’

हे खरं होतं. काढणीच्या दिवसांत तान्ह्या पोराला मोहरीएवढी अफू चाटवून निजवायचं आणि आईला शेतात न्यायचं, हे घरोघरी चालायचं. त्या दिवशी मी चुलीपुढे होते. सासूबाईंनी बोट एकदा बुडवलं, आणि थोड्या वेळानं दुसऱ्यांदा, तेही मी पाहिलं. मला वाटलंही की फार होतंय. मी भाकरी उलटली.

तर त्या बाबाच्या उभ्या आयुष्यात त्याचं औषध खरंखुरं लागू पडलं असेल, तर ते त्या एका सकाळी. पोट रितं झालं आणि माणूस खरं बोललं. आणि त्या शहाण्यानं काय केलं? कडेवर नातू घेतलेल्या यजमानीणबाईंकडे पाहिलं, काठी दोनदा आपटली आणि म्हणाला, ‘‘ही बाई बोलत न्हाय. आतलं बोलतंय. लई चिवट हाय. अजून येक वाटी लागंल.’’

बायकांनी माना डोलावल्या. केसांचं गुंतवळ त्यांना लगेच खरं वाटलं होतं, मेलेलं पोर वाटलं नाही.

सासूबाईंचा चेहरा मात्र उतरला होता. मला त्यांची कीव यायला हवी होती, आली नाही, अजूनही येत नाही. त्या मला म्हणाल्या, ‘‘तू व्हतीस चुलीम्होरं. सांग समद्यास्नी. म्या काय दिलं लेकराला?’’

असं त्यांनी मला पहिल्यांदाच काही विचारलं होतं. जाऊबाई माझ्याकडे बघत होत्या. माझा मुलगा सासूबाईंच्या कानातलं ओढत होता.

‘‘मला ठाव न्हाय, आत्याबाई,’’ मी म्हणाले. ‘‘म्या भाकरी थापत व्हते.’’

मग दुसरी वाटी. जाऊबाई तोंड उघडेनात, दात घट्ट मिटून बसल्या. बाबा म्हणाला, जबडा धरा. मी धरला. मला कुणी नाव घेऊन सांगितलं नव्हतं. मीच पुढे झाले, दोन्ही गालांत बोटं रुतवून तोंड उघडलं आणि बाबानं काढा ओतला. त्या बाबाला मी लबाड म्हणते, पण त्यानं निदान पोटासाठी लबाडी केली.

दुपारी बाबा धोतरजोडी आणि पायलीभर ज्वारी घेऊन गेला. ‘‘निघालं बाई सगळं,’’ म्हणून घराला सुटल्यासारखं झालं. माझे वडील आले, त्यांना जेवू घालून माघारी लावलं. ट्रंक आत गेली. पोरगं माझ्या मांडीवर झोपलं. सासूबाई माझ्याशी फार गोड बोलल्या.

दिवे लागायच्या वेळेला मी कण्या शिजवल्या, त्यात मीठ घातलं आणि जाऊबाईंकडे घेऊन गेले. त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांना हात उचलवत नव्हता. मी घास केला आणि त्यांनी तो खाल्ला. ज्या हातानं विष चारलं म्हणून तीन दिवस घर कुजबुजत होतं, त्याच हातून त्या चार महिन्यांत पहिल्यांदा नीट जेवल्या.

दोन-तीन घास झाल्यावर त्या हळूच म्हणाल्या, ‘‘तीन दिस आत्याबाई माज्या कानाशी लागल्या व्हत्या. धाकटीचं नाव घे, म्हनत व्हत्या. घेतलंस तर पुन्यांदा काढा न्हाय पाजायचा, म्हनत व्हत्या.’’

माझा हात थांबला.

‘‘म्या न्हाय घेतलं,’’ त्या म्हणाल्या. ‘‘तुजं लेकरू तुज्यापाशी ऱ्हावं म्हनलं.’’

त्यांच्या दोन्ही गालांवर माझ्या बोटांचे वळ होते. ‘‘दे की,’’ त्या म्हणाल्या आणि त्यांनी आपण होऊन तोंड उघडलं.