बिराप्पाचं गूळपाणी

माण तालुक्यात पाणी जपून वापरणारी माणसं पुष्कळ, पण बिराप्पा मेंढपाळाची तऱ्हाच वेगळी. दिवसाला एक तांब्या, वर टिपूस नाही. घटाघटा पाणी प्यावं ते म्हशींनी, असं तो चारचौघांत ऐकवायचा.

मिरजेच्या डॉक्टरांनी पाणी किती पिता म्हणून विचारलं, तेव्हाही त्यानं ऐटीत एक बोट दाखवलं. खरं तर ऐट करण्यासारखं काही उरलं नव्हतं. मूत्रपिंडात पू झाला होता आणि पाठीतून नळी घालून तो काढावा लागला होता. डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. गोळ्या मध्येच सोडू नको, दिवसभर पाणी पी, लघवी तुंबवू नको. पुन्हा हुडहुडी भरून ताप आला तर मूत्रपिंडच काढावं लागेल, असं बजावून त्यांनी त्याला घरी धाडलं. देवानं जोडी दिलीय, एक गेलं तर एक राहील, असं बिराप्पानं एसटीतच बायकोला, हरणाबाईला समजावलं.

घरी ती तांब्या भरून द्यायची, हा रिकामा परत करायचा. पण रांजणातलं पाणी काही उतरेना. एकदा तिनं दाराआडून पाहिलं, तर गडी तोंडही न लावता तांब्या रांजणात परत ओतत होता. तिला रडूच आलं. विहीर ओढ्यापल्याड, आणि घरातला थेंबन् थेंब तिच्याच डोक्यावरून यायचा. लग्न झाल्यापासून हा माणूस कशापायी तहानलेला राहिला, ते तिला आत्ता उमगलं.

डोळे पुसून ती गावातल्या बायकांकडे गेली. दुसऱ्या दिवशी बिराप्पा जाईल त्या दारात गुळाचा खडा आणि भरला तांब्या पुढं आला. नाही म्हणायची सोय नव्हती. गूळपाणी विचारलं नाही म्हणून हाच एकदा सोयऱ्याच्या दारातून बिनजेवता परतला होता, आणि ते गावभर सांगतही सुटला होता. आता दोन घरं झाली की निवडुंगाच्या आडोशाला पळायचं, बाहेर यावं तर तिसरी बाई तांब्या घेऊन उभी.

संध्याकाळी तो तणतणत घरी आला. "लोकांच्या बायकांचं पानी कशाला नासतीस?"

"मग माझं प्या," हरणाबाई म्हणाली. "घागर मी जल्मभर वाहीन. तुमी खाटंवर पडलासा, तर ते वझं मला न्हाई झेपायचं."

बिराप्पानं मुकाट्यानं तांब्या तोंडाला लावला आणि तळ दिसेपर्यंत खाली घेतला नाही.

ताप पुन्हा आला नाही. पाठीची जखम भरली, तसं गावाला नवलच दिसू लागलं. मेंढरं सोडायच्या आधी बिराप्पा डोक्यावर घागर घेऊन ओढ्याचा चढ चढायचा. पारावरचे गडी हसले की तो थांबून सांगायचा, "माझ्या प्यायचं हाय. तिनं का वहावं?"