झाकणांचे दाजी

बरण्यांच्या झाकणांनी भरलेल्या खोक्यात धांदलने स्वतःच्या जेवणाच्या डब्याचं झाकण टाकलं आणि वर चिकटपट्टीही मारून टाकली. जेवणाची सुट्टी संपल्याची घंटा झाली होती, तोंडात शेवटचा घास होता, एका हातात डब्याचं झाकण आणि दुसऱ्या हातात बरणीचं. घाईत हातांची अदलाबदल झाली. कारखान्यात त्याला धांदल म्हणत ते काही उगाच नाही. ते झाकण थेट गिऱ्हाइकाकडे पोचलं. गिऱ्हाईक सज्जन असावं. त्याने तक्रार केली, पण झाकण धुऊन, पुसून परत पाठवलं.

तेव्हापासून धांदलला नोकरीची धास्ती होती. कारण दिवस वाईट होते. वरच्या मजल्यावर नवे साहेब आले होते आणि त्यांच्याबरोबर 'पुनर्रचना' नावाचा शब्द आला होता. तो शब्द कारखान्यात कोणाला नीट म्हणता येत नव्हता, पण त्याचा अर्थ सगळ्यांना कळत होता. खांबावरचा फोन वाजायचा, सुपरवायझर एखाद्याला हाक मारायचा, "वर बोलावलंय." तो माणूस रिकाम्या हाताने जिना चढायचा आणि पुठ्ठ्याचं खोकं घेऊन उतरायचा. खोक्यात कंपनीच्या काचेच्या बरण्यांचा संच, झाकणांसकट. आठवण म्हणून!

"मी आयुष्यभर याच भरल्या," पॅकिंगमधल्या मावशी उतरताना म्हणाल्या, "आता घरी नेऊन यांत काय भरू?" कोणीतरी हसलं. मग ज्याने त्याने मान खाली घातली.

धांदलला ही नोकरी लावून दिली होती दाजींनी, म्हणजे त्याच्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याने. धांदल त्यांना दाजी म्हणतो म्हणून सगळा कारखानाच त्यांना दाजी म्हणे. वयाने मोठा असलेला सुपरवायझरसुद्धा. दाजींचं काम झाकणं तपासण्याचं. झाकण उचलायचं, बोटाच्या नखाने टिचकी मारायची, कान द्यायचा. 'टण' आलं की खोक्यात, 'टप' आलं की बादलीत. ही सवय इतकी हाडीमाशी खिळलेली, की पाहुणे म्हणून कोणाकडे गेले तरी बोलता बोलता साखरेच्या डब्याला टिचकी मारायचे. धांदलची ताई लाजेने अर्धमेली व्हायची. "अहो, ते त्यांचं घर आहे, तुमचं खातं नाही!"

नोकरीवर दाजींची भारी श्रद्धा. जेवायला बसलं की धांदलला हमखास ऐकावं लागे, "हे बघ, माणसं भांडतील, सरकारं पडतील, पण बरणी उघडी कोण ठेवणार? झाकण लागणारच. आणि चोख काम करणाऱ्याच्या केसाला कोण धक्का लावतो?" यावर ताई म्हणायची, "केस उरलेत कुठे?" आणि दाजी टकलावरून हात फिरवत स्वतःच खदखदून हसायचे.

एके दिवशी दुपारी फोन वाजला. धांदलने डोळे मिटून घेतले. आता माझंच नाव.

"दाजी, तुम्हाला वर बोलावलंय."

दाजी उठले. खिशातला कंगवा काढून उरल्यासुरल्या केसांवरून फिरवला, शर्टाचं वरचं बटण लावलं आणि धांदलपाशी येऊन हळूच म्हणाले, "तुझ्या त्या झाकणाचं असेल. मी बोलतो साहेबांशी. तू घाबरू नकोस."

आणि ते जिना चढले, मेहुण्याची वकिली करायला.

उतरले तेव्हा हातात खोकं होतं.

ते सरळ आपल्या जागेवर गेले. खोकं टेबलाखाली सरकवलं, स्टुलावर बसले आणि समोरची अर्धवट राहिलेली झाकणं तपासू लागले. टण. टण. टप. सुपरवायझरला बघवेना. "दाजी, असू द्या आता."

"अर्धं टाकून जाऊ?" दाजी म्हणाले. पूर्ण झाल्यावरच उठले.

धांदलने सुपरवायझरला कोपऱ्यात गाठलं. "चूक माझी होती हो! झाकण मी टाकलं होतं!"

"कसलं झाकण?" सुपरवायझर वैतागला. "वर कोणाला झाकण माहीत नाही, तू माहीत नाहीस आणि दाजीही माहीत नव्हते. जुनी माणसं महाग पडतात, एवढंच."

संध्याकाळी धांदल ताईकडे गेला. वाटभर त्याने वाक्यं जुळवली होती. धीर सोडू नका, तुमच्यासारख्या माणसाला कुठेही काम मिळेल, मी आहे ना. दार ताईने उघडलं. तिचे डोळे सुजलेले होते, तरी म्हणालीच, "ये. चप्पल तरी सरळ काढ, धांदरटा."

आत दाजी जेवणाच्या टेबलाशी बसले होते. समोर कंपनीच्या बरण्या मांडलेल्या. एकेक झाकण उचलून टिचकी मारत होते. चार इकडे ठेवली, पाचवं कानापाशी नेलं, पुन्हा टिचकी मारली आणि बाजूला सारलं.

"टप," ते म्हणाले. "निरोपाच्या भेटीत खोटं झाकण. हे कोणी पास केलं?"

"दुसऱ्या पाळीवाल्यांनी केलं असेल," धांदल म्हणाला.

"तपासायला दुसरं कोण होतं तिथे? मीच केलं असणार."

ताईने चहा आणून ठेवला. कोणीच उचलला नाही. आतल्या खोलीत ताईची मुलगी मोठ्याने धडा वाचत होती. ताईने जाऊन हळूच दार लोटून घेतलं. धांदलला जुळवलेल्या वाक्यांतलं एकही जागेवर सापडेना. दाजींच्या वयाच्या माणसाला कोण ठेवणार, हे त्याला माहीत होतं, दाजींना माहीत होतं, दार लोटणाऱ्या ताईलाही माहीत होतं. मी आहे ना म्हणावं, तर तो तरी किती दिवस आहे? आणि मग त्याच्या तोंडून भलतंच निघून गेलं. निघाल्यावर जीभ चावली, पण उशीर झाला होता.

"दाजी, माझी नोकरी टिकेल ना हो?"

दाजींनी ते खोटं झाकण बरणीवर ठेवलं, घट्ट फिरवलं आणि वर न बघता म्हणाले, "टिकेल की, माझी टिकली तशीच."