टिश्यूचं पाकीट आणि रोलबॅक

समस्त वाचकांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, सिंगापूरमधल्या क्वीन्सटाउनच्या आमच्या ऑफिसात दोन धर्म स्थापन झाले होते, आणि गो-लाइव्हला, म्हणजे नवी सिस्टिम सुरू व्हायला, चारच दिवस उरले होते.

मी प्रोजेक्ट मॅनेजर. दवाखान्यांच्या एका साखळीसाठी आम्ही नवी सिस्टिम बनवत होतो. इथलाच जेफ्री म्हणे, सगळे दवाखाने एकदम नव्या सिस्टिमवर आणा. पुण्याचा मिलिंद म्हणे, एकेक आणा. साधा मतभेद. पण महिन्याभरात ऑफिसजवळच्या खाऊगल्लीत, म्हणजे हॉकर सेंटरमध्ये, दोन टेबलं झाली. तिथे टेबलावर टिश्यूचं पाकीट ठेवलं की जागा आपली. ‘एकदम’वाले निळं ठेवत, ‘एकेक’वाले हिरवं. ज्यांना मतच नव्हतं, त्यांना बसल्या जागी मत आलं.

गुरुवारी मिलिंद माझ्याकडे आला. चेहरा पांढराफटक.

“सर, रोलबॅक फसतोय.”

रोलबॅक म्हणजे नवी सिस्टिम कोसळली, तर जुनीवर परत येणं.

“परत आलो की त्या दिवशी नोंदवलेल्या अ‍ॅलर्जी गायब!”

एखाद्या आजीबाईंना पेनिसिलिन चालत नाही, हे डॉक्टरांना दिसणारच नाही. आणि गो-लाइव्हच्या कागदावर सही माझी.

रोलबॅक जेफ्रीच्या टीमचा, म्हणून मिलिंदचा टेस्ट रिपोर्ट मी त्याच्यापुढे ठेवला. त्याने रिपोर्टवरचं नाव वाचलं आणि कागद खाली ठेवला.

“ऑफ कोर्स मिलिंद. ही ऑलवेज वाँट डिले, लाह.”

बॉस मिसेस लिम वैतागल्या. “पुन्हा तेच भांडण? उद्या पाचला मला सही हवी.”

मी ‘पुन्हा टेस्ट करा’ असा हुकूम सोडला असता, तर जेफ्रीच्या माणसांनी तोंडदेखली टेस्ट करून ‘ओके’ लिहिलं असतं.

शुक्रवारी मी नाव वगळून तोच रिपोर्ट पुन्हा छापला. सगळ्यांच्या आधी हॉकर सेंटर गाठलं, जेफ्रीच्या नेहमीच्या टेबलावर कागद ठेवला, वर निळं पाकीट. मग कॉफी घेऊन खांबाआड उभा राहिलो.

जेफ्रीने वाचलं. पुन्हा वाचलं. “वा! आपल्यातल्या कुणी पकडलं हे?” सगळी टोळी जेवण अर्धं टाकून ऑफिसात पळाली. चार वाजता त्यांच्या मशीनवरही अ‍ॅलर्जी गायब झाल्या.

पाचला मी सही केली नाही. गो-लाइव्ह एक आठवडा पुढे गेलं, रोलबॅक दुरुस्त झाला. एकदम की एकेक, हा निकाल पुढे कधीतरी लागला. कसा, ते आता कुणाला आठवत नाही. मी मात्र त्यानंतर टेस्ट रिपोर्टवर कधी नाव छापू दिलं नाही.

पण त्या पाचच्या मीटिंगमध्ये मिसेस लिमनी विचारलं, “हे शोधलं कुणी?” जेफ्रीची छाती फुगली. मी हात वर करून कबुली दिली: रिपोर्ट मिलिंदचा, पाकीट माझं.

जेफ्रीने मिलिंदकडे पाहिलं, स्वतःच्या माणसांकडे पाहिलं आणि भर मीटिंगमध्ये त्याच्या तोंडून निघून गेलं,

“देन मंडे लंच, आय सिट व्हेअर?”