बाई म्हणाली, ‘गेला’

मार्चअखेरच्या एका रविवारी सकाळी साडेसहाच्या सुमारास वैनगंगेच्या एका डोहावरून सव्वीस वर्षांचा सुतार नाहीसा झाला. चपला, शर्ट-पँट आणि मोबाइल काठावरच्या खडकावर राहिले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी माझ्या ठाण्यात त्याच्या खुनाचा गुन्हा नोंदला गेला. सरकारतर्फे फिर्याद मी स्वतः दिली होती. निवृत्तीनंतर बहुतेक गुन्ह्यांचे क्रमांक विसरलो. हा एक अजून तोंडपाठ आहे.

नदीचा मधला प्रवाह ही तिथे दोन जिल्ह्यांची हद्द आहे. अलीकडचा काठ चंद्रपूरचा, पलीकडचा गडचिरोलीचा. उन्हाळ्यात पात्र आटते आणि काही ठिकाणी खडकांच्या मध्ये खोल, स्वच्छ पाणी उरते. त्यातलाच हा एक डोह. गावात त्याला नाव आहे, पण ते इथे देत नाही. तिथे फाटक नाही, पाटी नाही, गाडी थेट रेतीपर्यंत जाते, आणि नाव छापून आले की लोक तंबू घेऊन निघतात.

हे चौघे मित्र तसेच निघाले होते. शनिवारी दुपारी रेतीवर तंबू ठोकला, पोहले, स्वयंपाक केला. रविवारी साडेदहाला तिघेच ठाण्यात आले. बोलत होता तो मोबाइल दुरुस्तीचे दुकान चालवणारा. तो आणि सुतार पहाटे उठून पाण्यावर गेले, उरलेले दोघे तंबूत झोपले होते.

“तो पोहत होता, मी चहा मांडाले तंबूकडं आलो. परत गेलो तं नाई. दीड तास हाका मारून राह्यलो, साहेब.”

“पोहून पलीकडे गेला असेल.”

“गेला असता तं ओ दिली असती ना!”

मला ते पटले. मिसिंग दाखल केली आणि डोहावर गेलो.

त्या भागात माणूस हरवला की पहिला प्रश्न वाघाचा असतो. वनरक्षकाने रेती पाहिली. पंजाचा ठसा नव्हता, ओढत नेल्याची खूण नव्हती. दुपारी जवळच्या गावातले ढिवर, म्हणजे मासेमारी करणारे लोक, जाळी आणि गळ घेऊन उतरले. त्यांचा म्होरक्या साठीचा होता. प्रत्येक बुडीनंतर तो वर येऊन फक्त मान हलवायचा. अंधार पडायच्या आत काम थांबवले.

मृतदेह प्रवाहाबरोबर खाली जातो. म्हणून मी नदीच्या खालच्या अंगाच्या सगळ्या ठाण्यांना बिनतारी संदेश पाठवला. समोरच्या काठावरच्या ठाण्याला पाठवला नाही. त्या वेळी त्यात काही चुकले असे वाटले नाही.

सुताराचा थोरला भाऊ रविवारपासून ठाण्याच्या बाकावर बसून होता. बाजारात त्याचे खिळे-बिजागऱ्यांचे दुकान होते. मांडीवर घरून आणलेल्या भावाच्या कपड्यांची घडी. शेजारी ठेवलेला चहा गार झाला की शिपाई दुसरा आणून ठेवायचा.

“साहेब, गुन्हा-बिन्हा तुमचं तुमी पाहा,” तो म्हणाला. “मले माहा भाऊ पायजे. अम्मीले काय सांगू, नुसती चड्डी घालून कुठी गेला मनून?”

हरवलेला या मोहल्ल्यातला, त्याच्यासोबत पाण्यावर गेलेला त्या वॉर्डातला. रविवारी संध्याकाळपर्यंत चौकात लोक थांबून बोलू लागले होते. मी दोन्हीकडे एकेक बीट हवालदार ठेवला.

सोमवारी सकाळी आठला नदीकाठच्या गावच्या पोलीस पाटलाचा फोन आला. “साहेब, आमच्या गावची एक बाई मोहफुलं वेचाले गेली होती. ते मनते, एकानं दुसऱ्याले ढकललं. तिनं पाह्यलं.”

बाई सत्तरीच्या घरातली. मोहाचा हंगाम असा असतो की फुले पहाटे पडतात आणि उन्हे वर यायच्या आत वेचावी लागतात, नाहीतर गुरे खातात. आम्ही गेलो तेव्हा ती झाडाखालीच होती आणि बोलतानाही तिचे हात वेचत होते. झाड उंच काठावर होते. तिथून डोह ताटातल्यासारखा दिसत होता.

“ढकललं का त्याला?”

“हो. दोघं भांडून राह्यले होते. त्यानं ढकललं.”

“मग काय झालं?”

“गेला.”

“तुमच्यासमोर?”

“माह्या डोयासमोर गेला ना, साहेब.”

मी नगर जिल्ह्यातला. माझ्या गावी सकाळी कोणी ‘तात्या गेले’ म्हटले की माणसे खांद्यावर टॉवेल टाकून घराबाहेर पडतात. मी रायटरला जबाब सांगू लागलो. रायटर तिथलाच होता. त्याचे पेन थांबले.

“साहेब, ‘गेला’च लिहू काय?”

“गेला म्हणजे काय ते न्यायालयाला कळायला हवं. नीट लिही.”

त्याने नीट लिहिले: ‘त्याने त्यास ढकलले व तो माझ्या डोळ्यांसमोर पाण्यात बुडून मयत झाला.’ पोलिसांपुढच्या जबाबावर साक्षीदाराची सही किंवा अंगठा घ्यायचा नसतो. बाईची टोपली अर्धी होती, आम्हाला घाई होती. जबाब तिला वाचून दाखवला नाही.

दुपारी मोबाइलवाल्याला समोर बसवले. चौकशीत मी वेळांकडे लक्ष देतो. रचून सांगणारा माणूस वेळांमध्ये अडकतो. हा सगळ्या वेळा बरोबर सांगत होता आणि दर वेळी एकच मिनिट गाळत होता. चौथ्यांदा ऐकून झाल्यावर मी विचारले, “ढकललं कोणी?”

त्याने पाणी मागितले. पेला हातात धरून बसला, प्यायला नाही.

“पलंगावरून झालं,” तो म्हणाला.

त्याचे लग्न महिन्यापूर्वी झाले होते. सुताराने मित्राच्या लग्नात सागाचा पलंग दिला होता, स्वतःच्या हाताने केलेला, एक खिळा न मारता नुसत्या सांध्यांवर उभा. शनिवारी शेकोटीभोवती मोबाइलवाल्याने सगळ्यांसमोर म्हटले, पलंग लय मजबूत आहे, फक्त सगळ्या वॉर्डाले ऐकू जाते. बाकीचे हसले. सुतार हसला नाही.

“सकाळी पुन्हा तेच काढलं त्यानं. मने, माह्या हातचं लाकूड वाजत नाई, तुहं घरच वाकडं आहे. मी मनलं, घर काऊन वाकडं राहीन? त्यानं बापावरून शिवी देल्ली. मी ढकललं, साहेब. मांगं वळूनसुद्धा पाह्यलं नाई. तंबूत येऊन चहा मांडला. चौघांचा मांडला.”

पेला त्याने टेबलावर ठेवला.

“मीच मारलं त्याले. लिहून टाका.”

पोलिसांसमोरची कबुली पुरावा म्हणून चालत नाही. पण डोळ्यांनी पाहणारी साक्षीदार होती आणि मागे राहिलेले कपडे होते. संध्याकाळी गुन्हा नोंदवला. प्रेत मिळालेले नसल्यामुळे वरिष्ठांनी एक अट घातली. बाईचा जबाब मंगळवारी न्यायाधीशांसमोर होऊ द्या, मग अटक दाखवा. अटकेचे कागद मी तयार करून ठेवले. फक्त वेळेचा रकाना मोकळा होता.

मंगळवारी सकाळी ढिवरांचा म्होरक्या ठाण्यात आला. डोह त्याने पुन्हा धुंडाळला होता.

“साहेब, इथी मुर्दा नाई.”

“खाली वाहून गेला असेल.”

“कुठून वाहीन? डोहाच्या खाली गुडघाभर पानी. अन् या उन्हात दोन दिस झाले, आतापर्यंत फुगून वर याले पायजे. पाण्यात नाई मंजे नाई.”

मी ते डायरीत घेतले. घेतले एवढेच.

अकराला बाई आली. पोलीस पाटलाने मोटारसायकलवर आणली होती. धुतलेले लुगडे नेसून आली होती. न्यायालयात नेण्याआधी साक्षीदाराला जबाब वाचून दाखवायची पद्धत आहे, म्हणजे तपशील विसरत नाही. मी वाचू लागलो. शेवटच्या ओळीवर तिने मला थांबवले.

“कोन मेला?”

“तो पोरगा.”

“अव बापा! कवा?”

“बाई, तुम्हीच सांगितलंत. डोळ्यांसमोर गेला म्हणून.”

“गेला मनलं. मेला कवा मनलं?” ती रायटरकडे वळली. “याले सांग ना रे. गेला मंजे गेला! तिकडं, मार्कंड्याच्या देवळाच्या अंगानं. बेडकावानी हात मारत गेला. पल्याडच्या खडकावर चढला, चड्डी पियून पानी काढलं, अन् जाऊन बसला बेशरमाच्या झाडीआड. इकडून हे बोंबलून राह्यले, अन् तो तिथी मस्त बसून.”

“काल का नाही सांगितलं हे?”

“तुमी इचारलं कुठी? ढकललं का इचारलं, हो मनलं. मंग काय झालं इचारलं, गेला मनलं. तं तुमी उठून चालले गेले. मले वाटलं, साहेबाले घाई आहे.”

रायटर खाली पाहत होता.

माणूस पलीकडे जिवंत पोहोचला असेल, तर दोन दिवस कुठे होता? अंगात हाफपँट, पायात काही नाही, खिशात मोबाइल नाही. मी गडचिरोलीच्या बाजूच्या ठाण्याला फोन लावला. बेवारस कोणी नाही, असे उत्तर आले. मग पलीकडच्या जिल्ह्याच्या रुग्णालयातल्या पोलीस चौकीला लावला. तिथल्या हवालदाराने नोंदवही उघडली. पान उलटल्याचा आवाज मला ऐकू आला.

“रविवार, सकाळी साडेनऊ. अनोळखी पुरुष, वय अंदाजे पंचवीस, अंगात फक्त निळी हाफपँट. सर्पदंश. बेशुद्ध.”

“आता?”

“थांबा, विचारतो.”

तो वॉर्डात जाऊन येईपर्यंत रिसीव्हर कानाला होता. समोर बाई बसली होती. दारात सुताराचा भाऊ येऊन उभा होता, त्याला कोणी बोलावले नव्हते.

“आहे, साहेब. घशात नळी आहे, पण सकाळपासून हात हलवतो.”

मी मान वर केली. भावाला काही सांगावे लागले नाही. तो दाराच्या चौकटीला धरून खाली बसला. बाईने त्याच्याकडे पाहिले, मग माझ्याकडे.

“मंग,” ती म्हणाली, “आता कोर्टात जाचं का नाई? मी लुगडं बदलून आली.”

रुग्णालयाकडे निघालेल्या जीपमध्ये भाऊ आणि मोबाइलवाला दोघेही होते. मोबाइलवाल्याला ठाण्यात एकटे सोडावेसे मला वाटले नाही. पूल ओलांडताना भावाने मांडीवरची कपड्यांची घडी त्याच्या मांडीवर ठेवली. “धर,” तो म्हणाला.

पुढचा तपशील सुताराने नंतर दिलेल्या जबाबातला आहे. पाण्यात पडल्यावर रागाच्या भरात तो सरळ पलीकडे निघून गेला. हाका त्याला ऐकू येत होत्या. ‘मनलं, बोंबलू द्या तासभर.’ ऊन लागले म्हणून सावली शोधत अनवाणी झाडीत शिरला आणि पाय नागावर पडला. पलीकडच्या गावातले दोघे मोहफुले घेऊन परतत होते. त्यांनी त्याला मोटारसायकलवर मध्ये बसवून आधी आरोग्य केंद्रात आणि तिथून रुग्णवाहिकेने जिल्ह्याला पोचवले. तोपर्यंत पापण्या मिटल्या होत्या, जीभ जड झाली होती. नाव सांगता आले नाही. उशीर झाला असता तर वाचला नसता, असे डॉक्टर म्हणाले. रुग्णालयाच्या चौकीने अनोळखी रुग्णाची खबर आपल्या जिल्ह्यातल्या गावांत दिली. मी माझी खबर नदीच्या खालच्या अंगाला दिली. दोन्ही कागद बरोबर होते, आणि मध्ये नदी होती.

या केसनंतर मी दोन गोष्टी बदलल्या. साक्षीदाराचा शब्द आहे तसा, त्याच्याच बोलीत, अवतरणात लिहायचा आणि अर्थ लावायचा असेल तर त्यालाच विचारून लावायचा. आणि सही घ्यायची नसली तरी जबाब त्याच जागी वाचून दाखवायचा. बदलीवर आलेल्या प्रत्येक नव्या अधिकाऱ्याला मी हा जबाब वाचायला देत असे. आपली चूक आपल्याच अक्षरात नसली तरी आपल्या सांगण्यावरून लिहिलेली असते, एवढे तरी कळावे म्हणून. मोबाइलवाल्याच्या अटकेचा कागद मी फाडला, तेव्हा त्यातला वेळेचा रकाना मोकळाच होता.

त्या मंगळवारी अतिदक्षता विभागात दोघांनाच सोडत होते. भाऊ आणि मोबाइलवाला आत गेले. मी काचेतून पाहत होतो. सुताराचे डोळे अर्धे उघडे होते. भावाने त्याच्या कपाळावर हात ठेवला. मोबाइलवाला पायाशी उभा राहिला आणि रडू लागला. सुताराने त्याच्याकडे बराच वेळ पाहिले, मग बोटांनी लिहिल्याची खूण केली. नर्सने पॅडवर तापाच्या तक्त्याचा कोरा कागद लावून पेन दिले. त्याला तीन शब्द लिहायला मिनिटभर लागले.

गुन्हा गैरसमजातून नोंदला गेला, असा अहवाल मी न्यायालयात पाठवला. अशा अहवालाला आमच्याकडे ‘सी’ समरी म्हणतात. माणूस जिवंत आहे आणि शुद्धीवर आहे याचा पुरावा म्हणून नर्सच्या सहीने तो कागद सोबत जोडला. न्यायालयाने समरी मंजूर केली. कागदावर लिहिले होते: ‘पलंग वाजत नाई.’